वडील शुगरच्या गोळ्या लपवून ठेवतात. कुणी समोर बसून द्याव्यात का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७१ वर्षांचे, घाटंजी तालुक्यातल्या गावी आईसोबत राहतात. तुम्ही पुण्यात. शुगर तेरा वर्षांपासून. वर्षभरात एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ८.२ वरून ९.१ वर गेलं, म्हणून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या एकत्र गोळीचा डोस दोनदा वाढवला, वर डापाग्लिफ्लोझिन जोडली. पोळ्याला गावी गेलात तेव्हा माळ्यावरच्या डब्यात त्या एकत्र गोळीची जवळजवळ दोन महिन्यांची पाकिटं जशीच्या तशी सापडली. विचारल्यावर वडील म्हणाले, "घेतो नं मी." आता तुम्ही विचारता की चुलतभावाला रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसून गोळ्या द्यायला सांगू का.

उद्यापासून तसं सुरू करू नका. आधी डॉक्टरांना हा डबा दाखवा.

मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यांची किडनी कशी आहे हे मला माहीत नाही, त्यामुळे कुठली गोळी किती द्यायची हे मी लिहिणार नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी चोवीस वर्षं दवाखाना चालवतो आहे आणि असे डबे बरेच पाहिले आहेत. कधी माळ्यावर, कधी तुरीच्या कणगीमागे, एकदा तर बैलबंडीच्या पेटीत.

आज त्यांच्या कागदावर जो डोस आहे, तो सगळ्या गोळ्या घेऊनही एचबीएवनसी ९.१ राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. तुमचे वडील तो माणूस नाहीत. त्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत, म्हणून शुगर वाढली, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला, तोही त्यांनी घेतला नाही, म्हणून पुन्हा वाढवला. आता कुणी प्रेमापोटी हा पूर्ण डोस रोज त्यांच्या हातावर ठेवला तर तो त्यांच्या शरीराने आजवर कधी पाहिलेला नसेल.

हे माझ्या हातून घडलेलं आहे. जवळच्या गावचे एक आजोबा, अडुसष्ट वर्षांचे. दर महिन्याला येत, शुगर दर वेळी जास्त. मी दर वेळी विचारायचो, "गोळ्या बरोबर घेता ना?" ते मान हलवायचे आणि मी डोस वाढवायचो. दिवाळीला मुलगा सुट्टीवर आला. त्याने तीन दिवस स्वतःच्या हाताने सगळ्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी पहाटे आजोबा ओट्यावर बसले होते, अंगातला सदरा घामाने ओला, सूनबाईला ओळखेनात, बोलणं बोबडं. घरच्यांना वाटलं लकवा मारला. ऑटोत घालून आणलं तेव्हा बोटातल्या रक्तात शुगर ३८. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिल्यावर दहा मिनिटांत त्यांनी डोळे उघडून बैलांना चारा टाकला का म्हणून विचारलं. संध्याकाळी शुगर पुन्हा घसरली, कारण किडनी कमजोर असली की ग्लिमेपिराइडसारखी गोळी अंगात रेंगाळते आणि एकदा साखर दिल्याने काम भागत नाही. रात्रभर ठेवून सकाळी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं. तो मुलगा भिंतीला टेकून रडत होता, "मी तं औषधच देत होतो, साहेब." चूक त्याची नव्हती. तीन वर्षांत मी एकदाही नीट विचारलं नव्हतं की बाबा, खरं सांगा, यातली कुठली गोळी तुम्ही घेत नाही.

आता तुमच्या डब्याकडे वळू. तुम्ही लिहिलंय की त्यात फक्त एकत्र गोळीची पाकिटं होती, बीपीची टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र वेळेवर संपत होती. तुमच्या अख्ख्या पत्रात मला हीच ओळ सगळ्यांत मोलाची वाटली. विसरणारा माणूस सगळ्याच गोळ्या विसरतो. तुमचे वडील एकच गोळी निवडून बाजूला ठेवतात, म्हणजे त्या गोळीने त्यांना काहीतरी होतंय. काय होतंय ते शोधायचं आहे.

माझा पहिला संशय वेळेवर आहे. कागदावर बहुधा 'सकाळी नाश्त्याआधी' असं लिहिलेलं असेल. शहरात त्याचा अर्थ सरळ आहे. आपल्याकडचा म्हातारा शेतकरी पाच-साडेपाचला उठतो, चहा घेतो, चहासोबत गोळी घेतो आणि वावरात जातो. भाकर येते दहा-अकराला, कधी बारालाही. ग्लिमेपिराइडचा जोर घेतल्यापासून दोन-तीन तासांत चढतो. म्हणजे पोटात फक्त चहा, हातात डवरा किंवा फावडं, वर ऊन, आणि गोळी नेमकी त्याच वेळी भरात. मग हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, माणूस धुऱ्यावर बसून घेतो. असं दोन-तीनदा झालं की तो स्वतःच हिशेब मांडतो: गोळी घेतली त्या दिवशी झालं, नाही घेतली त्या दिवशी नाही झालं. त्याचा हिशेब बरोबर असतो. माझ्या एका पेशंटने हे फार स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं: "ते गोयी घेतली का दहा वाजता जीव खालीवर होते. अन् तुमाले सांगतलं तं तुमी अजून एक गोयी लिहून देता."

अशा वेळी बरेचदा गोळी बदलायची नसते, फक्त सरकवायची असते: चहासोबत नाही, पहिल्या भाकरीच्या घासासोबत. ती भाकर घरी खाल्ली तर घरी, वावरात खाल्ली तर डब्यासोबत गोळीची पुडी. कधी डोस कमी करावा लागतो, कधी ग्लिमेपिराइड काढून शुगर एकदम खाली न नेणारी गोळी द्यावी लागते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या त्या जातीच्या, आणि आता त्या पूर्वीइतक्या महागही राहिल्या नाहीत. जुन्या कागदावर ग्लिबेनक्लामाइड लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. साठी-पासष्टीपुढच्या माणसात ती गोळी लांबवर शुगर पाडत राहते, म्हणून आता म्हाताऱ्यांना टाळतात.

उपासाचंही यातच आलं. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेऊन दिवस कोरडा काढणं धोक्याचं आहे. उपास सोडा म्हटलं तर तुमचे वडील ऐकणार नाहीत, माझेही ऐकले नव्हते. कुठल्या दिवशी कुठली गोळी गाळायची हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. जेवण कमी पडलं किंवा उलट्या-जुलाब लागले त्या दिवसासाठीही तेच विचारून ठेवा. त्या दिवसांत मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनही बहुतेक वेळा थांबवतात.

दुसरा संशय मेटफॉर्मिनवर, आणि तो पोटाचा आहे. या गोळीने काहींना पोट बिघडतं, मळमळतं, घाईघाईने बाहेर पळावं लागतं. घरात संडास असला तरी माणूस दिवसभर वावरात, किंवा एसटीत, किंवा लग्नाच्या मांडवात असतो. ७१ वर्षांचा माणूस हे मुलाला किंवा सुनेला सांगत नाही, डॉक्टरलाही सांगत नाही. तो गुपचूप गोळी बंद करतो. कमी डोसपासून हळूहळू चढवली, जेवणाच्या मधोमध दिली किंवा हळू विरघळणारी दिली तर बहुतेकांना ती सोसते. पण एकत्र गोळीचा डोस ग्लिमेपिराइडसाठी वाढवताना मेटफॉर्मिनही कधी कधी नकळत दुप्पट होतं, हे वाढीच्या घाईत निसटतं. आईला विचारा. पोटाचं आईला ठाऊक असतं.

आता एक समजूत. तुमच्या गावातही ती असेलच: "शुगरच्या गोयीनं किडनी जाते." ही भीती घेऊन रोज कुणी ना कुणी माझ्यासमोर बसतं. लोक जे पाहतात त्यावरून ती तयार झाली आहे. शेजारच्या म्हाताऱ्याची किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी त्याची मेटफॉर्मिन बंद केली. मग लोक म्हणतात, गोळीच वाईट होती म्हणून बंद केली. प्रत्यक्षात किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. मात्र ती किडनीवाटेच बाहेर पडते, म्हणून गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ४५ च्या खाली गेला की डोस कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात. वडिलांच्या मनात ही भीती असेल तर ती हसून उडवू नका. हा क्रम त्यांना समजावून सांगा. माझा अनुभव आहे की कारण पटलं तर म्हातारी माणसं तरुणांपेक्षा जास्त नेमाने गोळी घेतात.

खरोखर किडनी खाणारी एक गोष्ट मात्र घरोघरी असते आणि तिच्याबद्दल कुणी भीत नाही. गुडघे-कंबरेसाठी रोज घेतलेली दुखण्याची गोळी, बाजाराच्या दिवशी आणलेली पुडी. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड निघाल्याचं मी पाहिलेलं आहे. दुखणं दोन दिवसांत पळतं आणि शुगर चारशेवर जाते. वडिलांचं एचबीएवनसी ९.१ होण्यात असं काही आहे का, हेही बघा. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, 'शुगरची जडीबुटी' असं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घरात या गोष्टी औषध म्हणून मोजल्या जात नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाहीत.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल थोडं. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा आहे. पण ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणून लघवी वाढते. रात्री अंधारात अंगण ओलांडून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पडण्याची भीती असते, आणि लघवीच्या जागी खाज सुटली तर तो ते कुणालाही सांगणार नाही. ते स्पष्ट विचारायला हवं, पुरुषाने विचारलं तर बरं. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, या गोळीवरच्या माणसाचं पाणी लवकर तुटतं. सोबत बीपीची गोळी असली की उठताना भोवळ येते. म्हणून बीपी बसून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा मोजायला सांगा. चक्कर शुगरची की बीपीची, हे त्यातूनच कळतं.

पाय बधिर होतात, मुंग्या येतात असं वडील म्हणत असतील तर सगळा दोष शुगरला देऊन थांबू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी घरात जास्तच, आणि त्याची लक्षणं हुबेहूब तशीच असतात. एका रक्ततपासणीत कळतं आणि भरून काढता येतं.

आता त्या ९.१ बद्दल. या आकड्यावर मी आंधळा विश्वास ठेवत नाही, विदर्भात तर नाहीच. एचबीएवनसी लाल पेशींवर चढलेल्या साखरेवरून मोजतात आणि निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. त्या आजारात पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो, आणि नुसते वाहक असले तरी काही मशीन चुकीचं वाचतात. उलट रक्तात लोह कमी असेल तर तो खोटा जास्तही येऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना सांगा. मग ग्लुकोमीटरवरच्या रोजच्या नोंदीच जास्त खऱ्या.

आणि आकडा खरा धरला तरी तो कुठवर आणायचा? ७१ वर्षांचा माणूस धडधाकट असेल, हिंडता-फिरता असेल, तर ७ ते ७.५ च्या आसपास चालतं. हृदय, किडनी, नजर यांत दोन-तीन दुखणी असतील तर ८ पर्यंतही आम्ही समाधानी असतो. चाळिशीतल्या माणसासारखं साडेसहाच्या मागे लागलं की म्हातारा पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि त्यानंतर शुगरचा आकडा कुणी पाहत नाही. तुमच्या वडिलांसाठी कुठला आकडा बरोबर, ते त्यांच्या किडनीवर आणि बाकी तब्येतीवर ठरेल. किडनीसाठी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन 'फक्त दीड' म्हणून निश्चिंत होऊ नका. ७१ वर्षांच्या पुरुषात दीड म्हणजे गाळण्याचा वेग पन्नासच्या आसपास आला. अंगावर मांस नसलेल्या माणसात तर क्रिएटिनिन बरं दिसतं आणि किडनी तितकी बरी नसते.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत न्या. कागद नको, पिशवी. माळ्यावरचा डबा, चालू पाकिटं, देवळीतल्या सुट्या गोळ्या, पुड्या, सगळं. मी पेशंटला पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतो. दर चार-पाच पिशव्यांत एकदा तरी एकच औषध दोन नावांनी निघतं, एक प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेलं, एक खासगी दवाखान्यातून. पेशंट दोन्ही घेत असतो, कारण एक गोळी पांढरी आणि दुसरी निळसर. सरकारी पुरवठ्यात खेप बदलली की रंग बदलतो, जनऔषधी केंद्रातून आणली तर पाकीटच बदलतं, आणि म्हाताऱ्या माणसाची सगळी ओळख रंगाशी असते. वर दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जातात. पूर्ण पाकीटच घ्या आणि पाकिटावर जाड पेनने काढा: भाकरीचं चित्र किंवा चंद्र. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तेवढं दिसतं. उपकेंद्रातल्या ताईंना एकदा पिशवी दाखवून ठेवली तर पुढच्या महिन्यात रंग बदलल्यावर त्याच समजावतील.

डॉक्टरांना एकच वाक्य आधी सांगा: "बाबा ही गोळी दोन महिन्यांपासून घेत नव्हते." वडिलांसमोर, पण तक्रारीच्या सुरात नाही. त्यानंतरचा डोस बहुधा आजच्यापेक्षा कमी असेल आणि तो खरोखर घेतला जाईल. चुलतभावाची मदत तेव्हा घ्या. पहिले आठ-दहा दिवस त्याने गोळी मोजण्यापेक्षा ग्लुकोमीटर वापरावा: सकाळी उठल्यावर, आणि जीव घाबरा होतो त्या वेळी. तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशी भाकर किती वाजता खाल्ली, एवढं वहीत लिहावं. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली आहे. त्या दिवसांत अंगमेहनत वाढते आणि शुगर जास्त पडते, म्हणून सोंगणीचे दिवस वहीत वेगळे खुणावून ठेवा.

आईला हे मात्र आजच फोनवर सांगा. बाबांना अचानक घाम सुटला, हात थरथरले, बोलणं विसंगत झालं, उगाच चिडले किंवा गुंगीत गेले तर शुगर कमी झाली असं समजून चालायचं. मशीन हाताशी असेल तर पाहायचं, ७० च्या खाली म्हणजे कमी. नसेल तर वाट पाहायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजायची किंवा गुळाचा मोठा खडा द्यायचा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की भाकर किंवा वरण-भात खायला घालायचा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण ग्लिमेपिराइडवरच्या माणसाची शुगर काही तासांनी पुन्हा पडू शकते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी किंवा साखर काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. वडिलांच्या बंडीच्या खिशात गुळाचे दोन खडे कागदात बांधून ठेवायला सांगा, वावरात जाताना न चुकता.

आणि रात्री फोन कराल तेव्हा आठवडाभर तरी 'गोळी घेतली का' हे विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर ते पाठ करून बसले आहेत. विचारा की आज भाकर किती वाजता खाल्ली, आणि दहाच्या सुमारास कसं वाटत होतं. डॉक्टरांकडे जाऊन आलात की ईजीएफआर आणि वहीतले आकडे कळवा, पुढचं त्यावरून बोलू.